सी विंगमधलं लोटूचं एक मत

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सकाळी हवा गार. सोसायटीच्या प्रमुखपदासाठी या वर्षी प्रथमच मशीनवर मतदान. चहा होताच जाऊन मत दिले. कुणाला, ते लिहीत नाही. पापडीच्या शेंगा महाग, तरी पाव किलो घेतल्या. निवडताना बरीच किडकी निघाली. दुपारी निकाल. चंद्रकांत पुन्हा निवडून आले. आमच्या सी विंगमध्ये रंजनाला दोन मते, लोटूला एक. संध्याकाळी धुडकूभाऊंच्या घरात भांडण. विशेष काही नाही.

शेवटची ओळ मी घाईनं लिहिली. विशेष होतं. रंजनाचा आवाज त्या दिवशी कापडातून आल्यासारखा येत होता, आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही. ते कापड काय होतं हे समजायला आधी धुडकूभाऊ कोण हे समजायला हवं.

धुडकूभाऊ माझे समोरचे शेजारी. सुरतेत उधन्याच्या पुढे आमची तापी-गिरणा सोसायटी आहे, चार विंगची. बहुतेक लोक खानदेशातले, थोडे विदर्भ-मराठवाड्याचे, आणि आमच्यासारखी बँक, पोस्ट, शाळा अशा नोकऱ्यांतली काही घरं. सी विंगच्या पहिल्या मजल्यावर जिन्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धुडकूभाऊ आणि त्यांची बायको रंजना. माझे यजमान गेल्यावर मुलानं बडोद्याला बोलावलं होतं. मी गेले नाही. तिथे माझ्या ओळखीचं भांडण एकही नव्हतं.

धुडकूभाऊ शिरपूरकडचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं ओबडधोबड नाव ठेवलं. नावानं काम चोख केलं. माणूस कधी आजारी म्हणून पडला नाही. मिसरूड फुटायच्या आत ते सुरतेला आले आणि मागावर उभे राहिले ते गुडघे बोलायला लागेपर्यंत. गुडघे बोलायला लागले तेव्हा कान ऐकायचे थांबले होते. शंभर मागांच्या खटखटाटात माणसाचे कान टिकत नाहीत. “कान शेठकडेच राही गयात,” असं ते हसून सांगतात.

त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ते अजूनही शंभर मागांच्या वरून बोलतात. “दूध उतू चालनं,” असं ते आपल्या स्वयंपाकघरात म्हणाले की चारही विंगमधल्या बायका आपापल्या गॅसकडे धावतात. दुसरी म्हणजे ते ओठ वाचतात. मागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सगळे तसंच बोलतात. काही शब्दांना हाताच्या खुणा असतात. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. पण बाकीचं सगळं ओठांवर. कानातलं यंत्र मुलीनं आणून दिलं होतं. ते लावल्यावर त्यांना फक्त पंखा ऐकू आला. त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं.

सगळ्यांचे ओठ त्यांना वाचता येत नाहीत. मिशीवाला माणूस निम्माच कळतो. तंबाखूचा मावा खाणारा अजिबात नाही. माझे ओठ त्यांना छान कळतात, त्याचं श्रेय नाशिकच्या आमच्या कॉन्व्हेंटला. वाचनाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीला तुझे ओठ दिसले पाहिजेत. आज ती शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणजे धुडकूभाऊ.

पण खरा त्यांचा रेडिओ म्हणजे रंजना. सकाळपासून ती बोलते. हातानं साडीला टिकल्या चिकटवत असते आणि तोंडानं इच्छापोरला दिलेल्या मुलीची, पूजाची, सासू काय म्हणाली इथपासून भाजीवाल्यानं वजनात काय केलं इथपर्यंत सगळं सांगत असते. घरी असले की धुडकूभाऊ समोर पाटावर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहतात. नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडे इतकं लक्ष दिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आमच्या घरी तर मध्ये वर्तमानपत्र असायचं.

तर ही रंजना निवडणुकीला उभी राहिली. कारण टिकल्याच. आमच्याच विंगमधले चंद्रकांत बऱ्याच वर्षांपासून सोसायटीचे प्रमुख आहेत. महानगरपालिकेतून निवृत्त झाले, पण महानगरपालिका त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी नोटीस लावली की पॅसेजमध्ये बसून साड्यांचं काम करायचं नाही, गोंदाचा वास येतो. उजेड तर पॅसेजमध्येच असतो. रंजना नोटीस वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, मी उभी राहू का?” मी म्हटलं, “राहा की.” मी आणखी काही म्हटलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते.

पूर्वी आमच्याकडे चिठ्ठ्या असत. महाप्रसादाचं मोठं पातेलं गेटजवळ ठेवायचं, चारही विंगनी त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि संध्याकाळी झाऱ्यानं ढवळून मोजायच्या. या वर्षी चंद्रकांतच म्हणाले, “अख्खा देश मशीनवर मत देतो आणि आपण अजून पातेल्यात टाकतो.”

“देशाकडे एवढं मोठं पातेलं नव्हतं,” श्रीरंगराव म्हणाले. ते आमच्याच विंगमधले, पोस्टातले. त्यांचा कशावरच विश्वास नाही, टपालावर तर नाहीच.

मशीन बनवलं योगेशनं. गेटबाहेर त्याचं दुकान आहे, तिथे तो मागांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. त्यानं लाकडी खोक्याला तीन निळी बटणं लावली, प्रत्येकापाशी एक लाल दिवा, आणि मत पडलं की लांबलचक आवाज. प्रत्येक बटणासमोर चित्र. चंद्रकांतांचा पंखा, रंजनाचं वांगं. तिसरं बटण रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्यानं बी विंगमधल्या लोटूला उभं केलं आणि कुकर दिला.

लोटू म्हणजे धुडकूभाऊंचा मित्र. दोघे एकाच गावचे, एकाच खात्यात समोरासमोरच्या मागांवर उभे राहिलेले. लोटूलाही धडधाकट कान नाहीत, पण एक अर्धा शिल्लक आहे. रोज सकाळी दोघे चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जातात ते जेवायच्या वेळेला परत येतात. रंजना म्हणते, “लोकायन्या सवती लुगडं नेसतीस, मन्ही सवत पायजमा घालस.”

मतदानाच्या आदल्या दिवशी योगेशनं अंगणात मशीन दाखवलं. सगळी सोसायटी जमली. बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, आवाज होतो, मत पडलं. एवढं त्यानं सांगितलं आणि प्रश्न सुरू झाले.

“बटण दाबून धरलं तर जास्त पडतात का?” आमच्या वरच्या मजल्यावरच्या अश्विनीनं विचारलं. ती गणित शिकवते.

“नाही, मॅडम.”

“लाईट गई तर आपलं मत घर परत येस का?” हा लोटू, म्हणजे उमेदवार.

“बॅटरी आहे, काका.”

“चिठ्ठी मी माझ्या डोळ्यांनी पातेल्यात पडताना बघायचो,” श्रीरंगराव म्हणाले. “यात काय पडतं?”

“करंट.”

“आणि तो मोजणार कोण?”

“मशीनच मोजतं.”

“म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.”

डी विंगमधल्या एक आजी हळदकुंकू घेऊन आल्या. नवीन मशीन, पूजेशिवाय हात कसा लावायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुंकू लावलं ते नेमकं पंख्याच्या बटणाच्या फटीत गेलं. योगेशला खोकं उघडून टूथब्रशनं साफ करावं लागलं. तेवढ्यात एकानं “बघा, आताच उघडलं,” अशी तक्रारही केली.

धुडकूभाऊ पहिल्या रांगेत होते. पण योगेशच्या गालात मावा होता. तो दात आवळून बोलत होता, त्यामुळे धुडकूभाऊंना त्याच्या चेहऱ्यावर फक्त गाल हललेला दिसला. शेवटी ते उठले, चालू मागावर ठेवावा तसा खोक्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि जाहीर केलं, “हालत नही. बंद शे.”

“चालू आहे, आबा,” योगेश म्हणाला. आबांना तेही दिसलं नाही.

मग उमेदवारांची भाषणं झाली. चंद्रकांत बोलले ते पाण्याच्या टाकीपासून बोलले. रंजना बोलली, चांगली बोलली, पण मधेच पूजाच्या सासूवर गेली. लोटू उभा राहिला, म्हणाला, “मन्हं काही म्हननं नही,” आणि बसला. एवढं नेटकं भाषण मी तोवरच्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन एकेका विंगमध्ये फिरलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक मत. आमच्या विंगमध्ये जिन्याखाली टेबल मांडलं होतं आणि पुढे रंजनाचीच एक जुनी साडी पडदा म्हणून बांधली होती. धुडकूभाऊ माझ्या पुढे होते. ते आत गेले आणि बाहेर येईनात. आवाज झाला, आम्ही सगळ्यांनी ऐकला. तरी ते आतच. साडीखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या इकडे झाल्या, तिकडे झाल्या.

“आबा, झालं. या बाहेर,” योगेश ओरडला. त्यानं उठून साडी ओढली तेव्हा ते खोक्याच्या मागे वाकून वायर बघत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला होता. मी ओठांनीच विचारलं, काय झालं? त्यांनी नुसता हात हलवला.

दुपारी योगेशनं निकाल वाचला, विंगवार. इथेच घोटाळा झाला. पातेल्यात चार विंगा एकत्र शिजायच्या, कोणाचं मत कोणाला हे देवालाही कळत नसे. मशीन मात्र एकेका विंगचा वेगळा आकडा सांगत होतं. ए विंगमध्ये रंजनाला बावीस मतं पडली, बी आणि डीमध्येही बरी पडली. आणि तिच्या स्वतःच्या सी विंगमध्ये दोन. लोटूला एक. बाकी सगळी पंख्याला.

हरल्याचं रंजनाला काही वाटलं नाही. ती म्हणाली, “दोन. एक तर मन्हं.” मग ती नवऱ्याकडे वळली आणि त्याला दिसेल असं विचारलं, “दुसरं तुम्हनं ना?”

हो म्हणायला काय हरकत होती? दुसरा कोणताही नवरा म्हणाला असता. धुडकूभाऊंनी मान हलवली आणि साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगितलं, “मन्हं नही. मन्हं लोटूले गयं.”

हे असं झालं. संध्याकाळी रंजनानं पूजाची ओढणी काढली आणि सुरतेच्या मुली स्कूटरवर बसताना बांधतात तशी तोंडाला बांधली, नाकापासून हनुवटीपर्यंत, मागे गाठ. ती अबोला धरणारी बाई नाही. ती बोलतच होती, नेहमीपेक्षा जास्त, आणि काय काय बोलत होती ते सगळ्या विंगला ऐकू येत होतं. ज्याच्यासाठी बोलत होती तो एकटाच सोडून.

आता मला इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सी विंगमधलं लोटूचं ते एक मत माझं होतं.

निकाल ऐकला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. लोटूला एकच मत, आणि ते मी दिलेलं. मग धुडकूभाऊंचं त्याला गेलंच कसं? गेलं असतं तर दोन दिसली असती. म्हणजे रंजनाचं दुसरं मत धुडकूभाऊंचंच असणार. एक वाक्य बोलले असते तर ओढणी सुटली असती. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. सिस्टर म्हणायच्या, मत आणि कन्फेशन या दोन गोष्टी चारचौघांत करायच्या नसतात. आम्हा हिंदू मुलींना कन्फेशन नव्हतं, त्यामुळे माझी सगळी शिस्त मतावरच एकवटली. मी कोणाला मत देते हे यजमानांनाही कधी सांगितलं नाही. शिवाय रंजनाला मी म्हटलं होतं, “राहा की.”

सोमवारपासून सी विंगमध्ये एक वेगळीच गर्दी सुरू झाली. जो तो रंजनाला येऊन सांगायला लागला की ते दुसरं मत आपलं. अश्विनीनं तिला जिन्यात गाठलं. श्रीरंगराव म्हणाले, “मशीनवर माझा विश्वास नाही, पण तुझ्यावर आहे.” खुद्द चंद्रकांतांची बायको दिपाली दुपारी हळूच आली आणि म्हणाली, “ते माझंच बरं का. यांना सांगू नको.” असं करता करता त्या एका मताची सगळी विंग मालक झाली. ज्याचं होतं तो एकटा ते आपलं नाही म्हणत होता.

धुडकूभाऊंचे हाल मला बघवेनात. ताट मिळत होतं, तोंड मिळत नव्हतं. ते पाटावर बसून ओढणीकडे बघत राहायचे. कापड जिथे हलतं त्यावरून काही कळतंय का, असा प्रयत्न करायचे. मग टीव्हीवर बातम्या देणारी बाई लावून बसले. मंगळवारी मला म्हणाले, “ते बाई फार भराभर बोलस. रंजना मधमा पानी पीस.”

मग त्यांनी मला दुभाषी केलं. ओढणीआडून रंजना काय म्हणते ते मी ऐकायचं आणि ओठांनी त्यांना सांगायचं.

“ताई, सांगा त्याले,” रंजना भाकरी थापत म्हणाली, “ज्याले मत दिधं त्याच्याच दारशी जाय आनि कुकरमा शिजेल खाय. बायको उभी ऱ्हायनी आनि हाऊ गडी त्या पायजम्याले मत दी उना.”

मी धुडकूभाऊंकडे वळले आणि तोंड नीट उघडून म्हटलं, “भाकरी झाली आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं. “एवढं लांब बोलनी,” ते म्हणाले, “आनि नुसती भाकर?”

“तुम्ही त्याले खरं सांगत नही, ताई,” रंजना म्हणाली.

“ती काय म्हणनी?”

“ताक हवं का विचारते.”

बुधवारी मी त्यांना माझ्याकडे बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, त्या पडद्याआड तुम्ही केलं काय? त्यांनी सगळं सांगितलं. शेवटची काही वर्षं ते पलसाण्याच्या बाजूला एका नव्या कारखान्यात होते. तिथे प्रत्येक मागावर दिवे. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे तार, म्हणजे सूत, तुटलं, माग थांबला. पडद्याआड त्यांनी वांग्याचं बटण दाबलं आणि तिथे लाल दिवा लागला.

“मी समजनू, तार तुटना. वांगं बंद पडनं.”

“आवाज झाला ना पण.”

“माले ऐकू येस कुठे? हात ठेवा, तरी हाले ना. मंग सुरू व्हवाले पाहिजे म्हनून खालनं दाबं. कुकर. मंग वायर पाही. तवढामा योगेशनी पडदा वढा.”

वांग्याच्या खाली कुकर होता. बंद पडलेलं मशीन सुरू करायला त्यांनी पुढचं बटण दाबलं, आणि आपलं मत त्या शेवटच्या बटणाला गेलं असं धरून चालले. बायकोला खोटं सांगायचं नाही म्हणून तसंच सांगितलं.

मला हायसं वाटलं. माझं मत मध्ये न आणता प्रकरण मिटण्यासारखं होतं. मी योगेशच्या दुकानात गेले. त्यानं बोट वर करून थांबायला सांगितलं, बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, “ताई, पहिलं दाबलं की मशीन लॉक. लाल दिवा म्हणजे मत पडलं. नंतर कितीही दाबा, मी इकडून सोडल्याशिवाय काही होत नाही.”

“हे रंजनासमोर सांगशील?”

“दाखवतोच ना.”

गुरुवारी सकाळी तो खोकं घेऊन वर आला. आमच्या दोघांच्या दारांमध्ये स्टूल ठेवून त्यावर मांडलं. रंजना टिकल्यांची वाटी घेऊन पॅसेजमध्येच बसली होती, नोटिशीच्या खाली, ओढणी बांधून. धुडकूभाऊ दारात. मी माझ्या उंबऱ्यात. योगेशनं वांगं दाबलं, लाल दिवा लागला, आवाज झाला. मग कुकर दाबला, चारदा दाबला. काही नाही. आकडा दाखवला तर वांग्याला एक, कुकरला शून्य.

“बघा, मावशी. आबांचं मत तुम्हालाच पडलंय.”

रंजनानं एक टिकली उचलली, चिकटवली, दुसरी उचलली. “मशीन खरं बोलस का?”

“शंभर टक्के.”

“मंग सी विंगमा लोटूले एक पडनं, ते कोणाचं?”

योगेश डोकं खाजवू लागला. “ते मशीनलाही माहीत नसतं.”

“विंगमधल्या समद्यांनी माले येईसन सांगं, तुलेच मत दिधं. समद्यांनी. हाऊ एकला म्हणस, लोटूले दिधं. आनि लोटूले बरोबर एकच पडनं. मी शाळामा गई नही, योगेश, पन एक आनि एक माले समजस.”

तिचं गणित बिनचूक होतं. त्यात मिळवायचा आकडा फक्त माझ्याकडे होता. धुडकूभाऊ आळीपाळीनं आम्हा तिघांच्या तोंडाकडे बघत होते. योगेशच्या तोंडात पुन्हा मावा होता, रंजनाच्या तोंडावर ओढणी होती, म्हणून शेवटी ते माझ्याच ओठांकडे बघत थांबले. आणि माझे ओठ मिटलेले. इतकी वर्षं ते ओठ नीट उघडायला शिकवल्याचा उपयोग तरी काय, असं मला वाटलं.

मी रंजनाला म्हटलं, “ते मत माझं आहे.”

ती वर बघत राहिली. “कोणतं?”

“लोटूचं. ते मी दिलं. धुडकूभाऊंचं त्याला गेलं असतं तर दोन झाली असती. तुझं दुसरं मत यांचंच आहे.”

टिकली बोटालाच चिकटून राहिली. माझा अंदाज होता की ती रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती. पण तिनं मागे हात नेऊन गाठ सोडली, ओढणी खाली ओढली आणि माझ्याकडे न बघता सरळ नवऱ्याकडे वळली. चार दिवसांत तोंडाशी आलेली पहिली मोठी बातमी, ती त्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

“समजनं का तुम्हले? ताईंनी लोटूले मत दिधं.”

“कोनी?”

“ताईंनी. आपल्या उषाताईंनी.”

धुडकूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग शंभर मागांच्या वरून विचारलं, “ताई, तुम्ही लोटूले मत दिधं?”

ए विंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. अंगणातली कबुतरं उडाली. बी विंगच्या खालच्या मजल्यावरून, त्या अर्ध्या कानानं ऐकून, लोटूचा आवाज आला, “कोनी दिधं म्हनस?”

“उषाताईंनी,” धुडकूभाऊंनी कठड्यावरून वाकून सांगितलं. मग ते वळून म्हणाले, “पन का?”

मी खरं तेच सांगितलं. “भाषण लहान होतं म्हणून.”

रंजनानं ते ऐकलं. तिचं स्वतःचं भाषण पूजाच्या सासूपर्यंत गेलेलं तिला आठवलं असावं. ती म्हणाली, “ताई, तुम्ही माले राहा की म्हणनात.”

“राहा म्हटलं. मत देते असं म्हटलं नव्हतं.”

“शिकेल बाया अश्याच ऱ्हातीस,” ती नवऱ्याला म्हणाली. आता सगळं त्यालाच सांगणं चाललं होतं, माझ्याविषयीसुद्धा, माझ्यासमोर. तो पाट घेऊन तिच्यापुढे बसला आणि मान डोलवायला लागला. एका बाईनं आपल्याला फसवलं याचं तिला जेवढं दुःख झालं होतं त्याहून जास्त सांगायला विषय मिळाल्याचा आनंद होता, असं मला दिसलं.

तेवढ्यात जिन्यावर अश्विनी उभी दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं. “दुसरं मत जर आबांचं,” ती सावकाश म्हणाली, “तर मग माझं कुठे गेलं?”

खालून श्रीरंगराव वर आले. त्यांच्या मागे दिपाली होती, पण ती अर्ध्या जिन्यातूनच परत फिरली. सगळ्या विंगनं रंजनाला मत दिलं होतं आणि मशीननं त्यातलं फक्त धुडकूभाऊंचं मोजलं होतं, असा प्रकार झाला. क्षणभर कोणी कोणाकडे बघेना. मग श्रीरंगरावांनी वाट दाखवली.

“मी आधीच म्हणत होतो,” ते म्हणाले. “मशीनच खराब.”

“खराबच,” अश्विनी म्हणाली.

“अहो, आत्ताच दाखवलं ना सगळ्यांसमोर,” योगेश म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतं. अंगणात उभ्याउभ्याच बैठक झाली आणि ठरलं की पुढच्या वर्षीपासून पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा पातेलं, आणि मोजण्याआधी चारही विंगच्या चिठ्ठ्या नीट ढवळायच्या. चंद्रकांतांनीही विरोध केला नाही. दिपालीचं त्यांच्यापर्यंत गेलं होतं की काय, माहीत नाही. योगेश सोडला तर मशीनच्या बाजूनं बोललेला एकच माणूस होता. धुडकूभाऊंनी मला विचारलं, लोक काय म्हणतात? मी सांगितलं. ते म्हणाले, “मशीन बरोबर शे. मन्हं मत मन्ही बायकोले दिधं ना त्यानी.” मग थोडा विचार करून म्हणाले, “हालत मात्र नही.”

दुपारी लोटू धुतलेला पायजमा घालून माझ्याकडे आला. हातात नानखटाईचा पुडा होता. तो दारात उभा राहिला, पुडा माझ्या हातात दिला, काहीतरी बोलायला म्हणून घसा साफ केला, आणि काही न बोलता निघून गेला. माझं मत चुकलं नव्हतं.

रंजना माझ्याशी अजून थेट बोलत नाही. पण धुडकूभाऊ रात्रीच्या जेवणापर्यंत पाटावरून हलले नाहीत. जिन्यापलीकडून तिचा आवाज येत होता, उघडा, स्वच्छ, न थांबता, आणि चार दिवसांचा साठा असल्यामुळे पूजाच्या सासूचा नंबर बराच उशिरा लागला.

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५. मी कोणाला मत दिले ते आज सर्वांना समजले. नानखटाई चांगली, तूप बेताचे. गॅसची ज्योत पिवळी दिसते, सिलिंडर नोंदवला.